दुसरा संकेत कोणी द्यायचा : टीजीएन१४१२ चाचणीचा प्रकरण अभ्यास

१३ मार्च २००६, सोमवार. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात पॅरेक्सेल या कंपनीचं औषधचाचणी केंद्र होतं. तिथे सकाळी आठ निरोगी तरुणांना एका पाठोपाठ एक शिरेतून इंजेक्शन देण्यात आलं. सहा जणांना टीजीएन१४१२ नावाची अँटीबॉडी (ठरावीक रेणूला जाऊन चिकटणारं प्रथिन), दोघांना नुसतं सलाइनसारखं निष्क्रिय द्रावण. दोन माणसांमध्ये अंतर साधारण दहा मिनिटांचं. प्रत्येकाचं औषध तीन ते सहा मिनिटांत आत गेलं. म्हणजे पहिल्याची प्रकृती बिघडते आहे हे लक्षात येईपर्यंत शेवटच्याच्या शिरेतही औषध पोचलेलं होतं.

तासाभरात डोकेदुखी, पाठ-कंबर दुखणं, मळमळ, जुलाब, थंडी वाजून ताप सुरू झाला. मग रक्तदाब घसरला. बारा ते सोळा तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. फुप्फुसांत पाणी भरत होतं, मूत्रपिंडं मंदावली होती, रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होत होत्या. चोवीस तासांच्या आत त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. सलाइन मिळालेल्या दोघांना काहीच झालं नाही. सहाही जण वाचले, पण दोघांना अनुक्रमे ८ आणि १६ दिवस अवयवांना आधार देणारे उपचार लागले आणि एकाला पायाची बोटं व हाताच्या बोटांची टोकं गमवावी लागली.

नंतरच्या तपासात औषधात भेसळ सापडली नाही, मात्रा मोजण्यात चूक सापडली नाही. औषधाने तेच केलं जे करण्यासाठी ते बनवलं होतं: टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार चालवणाऱ्या एका प्रकारच्या लिम्फोसाइटना, सहउद्दीपनाचा संकेत दिला, म्हणजे प्रतिजन ओळखल्यानंतर कामाला लागण्यासाठी लागणारा दुसरा संकेत. म्हणूनच सहउद्दीपन कसं चालतं हे समजून घ्यायला याच्याइतकं बोलकं प्रकरण दुसरं नाही, असं आमचं ठाम मत आहे.

शरीरात हा संकेत कोण देतं

टी पेशीच्या पृष्ठभागावरचा टी-पेशी रिसेप्टर दुसऱ्या पेशीच्या एमएचसी या तुकडे मांडून दाखवणाऱ्या रेणूत बसलेला प्रथिनाचा तुकडा, म्हणजेच प्रतिजन, ओळखतो. हा पहिला संकेत. त्यातून टी पेशीला कळतं, 'माझ्या ओळखीचं काहीतरी समोर आहे'. ते जंतूचं आहे की स्वतःच्याच यकृतातलं, हे मात्र त्या ओळखीत नसतं. तो निर्णय समोरची पेशी करते, मुख्यतः डेंड्रायटिक पेशी.

त्वचेत, आतड्यात, फुप्फुसात पसरलेल्या डेंड्रायटिक पेशींवर शांत काळात सीडी८० आणि सीडी८६ हे दोन रेणू अगदी कमी असतात. जिवाणूच्या कवचाचे घटक किंवा विषाणूचा आरएनए जंतूंच्या खुणा ओळखणाऱ्या टोल-सारख्या रिसेप्टरांना लागला की पेशी बदलते. ती सीसीआर७ हा रिसेप्टर चढवते, लसिकावाहिनीतून जवळच्या लसिकाग्रंथीत पोचते, आणि वाटेत सीडी८६ झपाट्याने व त्यामागून सीडी८० पृष्ठभागावर वाढवते. ग्रंथीत गेल्यावर टी पेशीच्या सीडी४० लिगंडने तिच्या सीडी४० ला स्पर्श केला की हे दोन्ही आणखी वाढतात. टी पेशीवरचा सीडी२८ हा रिसेप्टर सीडी८० व सीडी८६ या दोघांना पकडतो. हा दुसरा संकेत.

दुसरा संकेत आला नाही तर टी पेशी नुसती गप्प बसत नाही, ती बधिर होते. १९८७ मध्ये जेन्किन्स आणि श्वार्ट्झ यांनी प्रतिजन दाखवणाऱ्या पेशी रसायनाने पक्क्या करून, म्हणजे त्यांची सहउद्दीपनाची ताकद काढून घेऊन, टी पेशींसमोर ठेवल्या. त्या टी पेशी नंतर चांगल्या, जिवंत पेशींसमोर आणल्या तरी आयएल-२, म्हणजे टी पेशींना वाढायला लावणारं संदेशवाहक प्रथिन, बनवेनात. याच बधिरतेला अॅनर्जी म्हणतात. शरीराने स्वतःवर हल्ला करू नये यासाठीचं हे एक मोठं कुलूप आहे.

पेशीच्या आत काय होतं ते थोडक्यात. सीडी२८ च्या शेपटीवर वायएमएनएम आणि पीवायएपी अशा दोन ओळखखुणा असतात. पहिलीवर पीआय३-कायनेज बसतं आणि एकेटीमार्गे पेशीची साखर वापरण्याची व जगण्याची क्षमता वाढते. दुसरीमार्फत एलसीके व पीकेसी-थीटा कामाला लागून एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा रेणू जागा होतो. टी-पेशी रिसेप्टरकडून कॅल्शियममार्गे येणारा एनएफएटी हा तसाच दुसरा रेणू यांना आयएल-२ च्या जनुकावर येऊन मिळतो. आयएल-२ चा आरएनए लवकर तुटत नाही, बीसीएल-एक्सएल वाढल्याने पेशी मरत नाही. आवर घालणाराही असतो: सक्रिय टी पेशीवर साधारण एक-दोन दिवसांत सीटीएलए-४ चढतो, तो त्याच सीडी८० व सीडी८६ ला सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि समोरच्या पेशीवरून त्यांना ओढूनही काढतो.

या सगळ्या व्यवस्थेत तीन अटी आपोआप पाळल्या जातात. धोक्याची खबर असल्याशिवाय संकेत मिळत नाही. संकेत त्याच पेशीकडून मिळतो जी प्रतिजन दाखवते आहे, म्हणून फक्त त्या प्रतिजनाच्या ओळखीच्या मोजक्या टी पेशी जाग्या होतात. आणि हे सगळं लसिकाग्रंथीच्या एका कोपऱ्यात घडतं, सगळ्या शरीरात एकदम नाही. सहउद्दीपनाची सुरक्षितता रेणूत नसून देणाऱ्या पेशीत आहे. टीजीएन१४१२ ने हीच पेशी वगळली.

औषध काय होतं

जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात थॉमस ह्यूनिग यांच्या गटाला उंदरांवर व घुशींवरच्या प्रयोगांत सीडी२८ विरुद्धच्या अँटीबॉडींचे दोन प्रकार आढळले. नेहमीच्या अँटीबॉडी रिसेप्टरच्या वरच्या टोकाला, जिथे सीडी८० व सीडी८६ बसतात तिथे चिकटतात आणि पहिल्या संकेताशिवाय काही करत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडी रिसेप्टरच्या कुशीत, पेशीपटलाला जवळ असलेल्या सी-डबल-प्राइम-डी नावाच्या वळणाला चिकटतात. या एकट्याच टी पेशींना वाढायला लावतात. त्यांना सुपरअॅगोनिस्ट म्हणतात, मराठीत 'अतिउद्दीपक' म्हणता येईल.

इथे एक बारकावा आहे जो पुढे महत्त्वाचा ठरला. अतिउद्दीपकालाही पहिला संकेत अगदीच लागत नाही असं नाही. शरीरात फिरताना टी पेशी स्वतःच्याच एमएचसीला सतत हलकेच स्पर्श करत असतात, त्यातून एक मंद धुगधुगी चालू राहते. अतिउद्दीपक त्या धुगधुगीवर फुंकर घालून तिची ज्वाळा करतो. आणि धुगधुगी जवळपास प्रत्येक टी पेशीत असते.

घुशींत या अँटीबॉडीने विशेषतः नियामक टी पेशी (इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या) वाढल्या आणि सांधेदाहासारखे स्वयंप्रतिकार विकार शमले. त्या आशेवर टेजेनेरो ही कंपनी उभी राहिली. माणसाच्या सीडी२८ विरुद्धची ५.११ए१ ही मूळ उंदराची अँटीबॉडी आयजीजी४ या प्रकारच्या मानवी अँटीबॉडीच्या साच्यात बसवून टीजीएन१४१२ तयार झाली. लक्ष्य होतं संधिवात आणि बी पेशींचा जुनाट रक्तकर्करोग. आयजीजी४ निवडण्यामागे विचार होता की तिचं एफसी टोक, म्हणजे अँटीबॉडीची शेपटी, इतर पेशींच्या रिसेप्टरांना फारसं चिकटत नाही.

मात्रा : हिशोब कुठे घसरला

माकडांमध्ये, म्हणजे सायनोमोल्गस जातीत, दर आठवड्याला किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत चार आठवडे देऊनही गंभीर काही झालं नाही. लसिकाग्रंथी थोड्या सुजल्या, काहींत आयएल-२, आयएल-५, आयएल-६ थोडे वाढले, बस. पन्नासला माकड-माणूस फरकाच्या साधारण ३.१ ने भागून १६, सुरक्षेसाठी दहाने भागून १.६, आणि आणखी सावधगिरी म्हणून ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो निवडण्यात आले. म्हणजे माकडाच्या मात्रेचा पाचशेवा हिस्सा. कागदावर फारच सावध वाटतं.

आता तीच मात्रा रिसेप्टरच्या बाजूने मोजू. ७० किलोच्या माणसाला ७ मिलिग्रॅम. प्लाझ्मा साधारण २.८ लिटर धरला तर मिलिलिटरमागे २.५ मायक्रोग्रॅम. अँटीबॉडीचं रेणुवजन दीड लाख, म्हणजे सुमारे १७ नॅनोमोलार. सीडी२८ शी या अँटीबॉडीची पकड साधारण २ नॅनोमोलारची, म्हणजे तेवढ्या तीव्रतेला निम्मे रिसेप्टर भरतात. भरलेल्या रिसेप्टरांचं प्रमाण १७ भागिले १९, जवळपास ९० टक्के. पहिल्याच मात्रेत.

आराखड्यात पुढच्या पायऱ्या ०.५, २ आणि ५ मिलिग्रॅम प्रति किलो होत्या. ०.५ ला हेच गणित ९८ टक्के देतं, ५ ला ९९ च्या वर. म्हणजे पन्नास पट चढणारी ही शिडी मुळात गच्चीवरच उभी केली होती. १० टक्के रिसेप्टर भरायचे असते तर किलोमागे एक ते दीड मायक्रोग्रॅम पुरला असता, दिलेल्या मात्रेच्या सुमारे पंच्याहत्तराव्या भागाइतका. हा साधा हिशोब आहे, एका पानावर मावतो. विषारीपणा न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा शोधून ती भागत बसणं हे रसायनांच्या औषधांसाठी रुळलेलं होतं. रिसेप्टर चालू करणाऱ्या औषधासाठी उलट बाजूने, परिणाम दिसू लागेल अशा सर्वांत कमी मात्रेपासून निघायला हवं होतं.

माकडांना का झालं नाही

सुरुवातीला एक स्पष्टीकरण असं होतं की माकडाचा सीडी२८ वेगळा असेल आणि अँटीबॉडी नीट चिकटत नसेल. पण चिकटण्याच्या वळणावर माकड आणि माणूस यांत फरक नाही. उत्तर रिसेप्टरात नव्हतं, तो कोणत्या पेशींवर आहे यात होतं.

सीडी४ वर्गातल्या प्रभावी-स्मृती टी पेशी म्हणजे पूर्वी जंतूशी झुंज देऊन आलेल्या, आता आतडी, फुप्फुसं, त्वचा अशा ऊतींत राहणाऱ्या आणि इशारा मिळताच काही तासांत सायटोकाइन, म्हणजे आयएल-२ सारखे संदेशवाहक रेणू, सोडणाऱ्या पेशी. माणसात त्यांच्यावर सीडी२८ टिकून राहतो. सायनोमोल्गस माकडांत या पेशी घडताना सीडी२८ निघून जातो. ब्रिटनच्या एनआयबीएससी या संस्थेच्या गटाने हे २०१० मध्ये दाखवलं. म्हणजे ज्या पेशींनी माणसात आग लावली, त्याच पेशींना माकडात हा संकेत ऐकूच येत नव्हता. किलोमागे ५० काय आणि ५०० काय.

प्रयोगशाळेतल्या घुशी-उंदरांची गोष्ट आणखी वेगळी. ते निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढतात, आयुष्यात फारसे जंतू भेटलेले नसतात, त्यामुळे त्यांच्यात स्मृती पेशीच कमी. तिथे अतिउद्दीपक दिला की नियामक पेशींचं पारडं जड होतं. पंचविशीतल्या तरुणाच्या आतड्यात आणि फुप्फुसात मात्र कितीतरी जुन्या संसर्गांची स्मृती साठलेली असते. सुरुवातीच्या लक्षणांत जुलाब, मळमळ आणि नंतर फुप्फुसांचा त्रास का होता, याचं एक सरळ उत्तर यात दिसतं.

परीक्षानळीतही का सुटलं

चाचणीआधी माणसाच्या रक्तातल्या पेशींवर अँटीबॉडी टाकून पाहिली होती. पेशी शांत राहिल्या. हे कसं?

नेहमीची पद्धत अशी: रक्त घनतेच्या थरावर फिरवून एककेंद्रकी पेशी वेगळ्या करायच्या, मिलिलिटरमागे दहा लाखांच्या आसपास ९६ खाचांच्या ताटलीत ठेवायच्या, औषध द्रावणात मिसळायचं, २४ तासांनी वरचं द्रव काढून सायटोकाइन मोजायचे, ७२ तासांनी पेशींची वाढ पाहायची. टीजीएन१४१२ ला यात दोन अडचणी होत्या.

पहिली, मोकळी तरंगणारी अँटीबॉडी रिसेप्टर नुसती झाकते. त्यांना जवळ आणून घट्ट धरून ठेवायला काहीतरी टेकू लागतो. एनआयबीएससीच्या स्टेबिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अँटीबॉडी ताटलीच्या प्लास्टिकवर हवेने वाळवून चिकटवली, किंवा टी पेशींसोबत रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी ठेवल्या, आणि सायटोकाइनचा पूर आला. नुसती ओल्या अवस्थेत लावलेली अँटीबॉडी तितकी प्रभावी ठरली नाही, वाळवल्यावर ती जास्त संख्येने पक्की बसते. शरीरात हा टेकू एफसी टोक पकडणाऱ्या सीडी३२ रिसेप्टरच्या पेशी देतात. आयजीजी४ चं टोक कमजोर पकडलं जातं, पण इथे ती कमजोर पकडही पुरली.

दुसरी अडचण धुगधुगीची. रक्तात वाहणारी टी पेशी इतर पेशींपासून सुटी असते, त्यामुळे टी-पेशी रिसेप्टरमधला मंद संकेत विझत जातो. ऊतींत, जिथे पेशी एकमेकींना खेटून असतात, तो जिवंत असतो. ह्यूनिग यांच्याच गटाने २०११ मध्ये यावर सोपा उपाय दाखवला. पेशी आधी दोन दिवस दाट, मिलिलिटरमागे एक कोटी इतक्या, ठेवायच्या. त्या एकमेकींना घासत राहतात, धुगधुगी परत येते. मग नेहमीइतक्या पातळ करून तरंगती टीजीएन१४१२ घातली तरी जोरदार प्रतिसाद मिळतो. दहापट दाटीचा हा फरक. पातळ द्रवात शांत राहिलेल्या त्याच पेशी दाटीत ठेवल्यावर पेट घेतात, हे एकदा पाहिलं की ताटलीतला 'नकारात्मक' निकाल वाचताना हात थांबतो.

ही चाचणी स्वतः लावणाऱ्यांसाठी जिथे घोटाळा होतो त्या जागा: पेशी वेगळ्या करताना त्या थंड करून तासन्‌तास ठेवल्या तर दात्यादात्यांतला फरक वाढतो. एकाच दात्यावर निष्कर्ष काढू नये. सकारात्मक नियंत्रण म्हणून नेहमीची सीडी३ विरुद्धची अँटीबॉडी पुरेशी नाही, कारण ती पहिलाच संकेत देते आणि सीडी२८ चा मार्ग तपासलाच जात नाही. आणि फक्त टीएनएफ ही दाह वाढवणारी सायटोकाइन मोजू नये. ती इतर अनेक अँटीबॉडींनीही वाढते. टीजीएन१४१२ चं वैशिष्ट्य आयएल-२ चा मोठा उसळा, तो नसेल तर चाचणी नेमक्या प्रश्नाला लागलेली नाही.

खाटेशी काय केलं गेलं

आधी पॅरासिटामॉल, अॅलर्जीवरची औषधं, स्टिरॉइड. मग अतिदक्षता विभागात मिथाइलप्रेडनिसोलोनच्या मोठ्या मात्रा, आयएल-२ च्या रिसेप्टरला अडवणारी डॅक्लिझुमॅब, श्वासाला आधार आणि डायलिसिस. रक्तात टीएनएफ तासाभरातच वर गेला होता, आयएल-२, आयएल-६, आयएल-१० आणि इंटरफेरॉन-गॅमा त्यामागोमाग. इतकी वेगवान, जंतूशिवाय, सहाही जणांत एकाच घड्याळावर सुरू झालेली सायटोकाइन उसळी यापूर्वी इतक्या स्वच्छपणे कधी नोंदली गेली नव्हती.

लिम्फोसाइट रक्तातून नाहीसे झाले याचा अर्थ ते सगळे मेले असा नाही. मोठा भाग रक्तातून निघून ऊतींत शिरला असावा असंच दिसतं. रक्ताच्या तपासणीत 'पांढऱ्या पेशी कमी' हा आकडा अशा वेळी फसवा असतो: सैन्य बरखास्त झालेलं नसतं, घराघरात घुसलेलं असतं.

त्यानंतर

टेजेनेरो त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. ब्रिटन सरकारने गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. त्याने २००६ अखेरीस २२ शिफारशी केल्या. युरोपीय औषध संस्थेची पहिल्या मानवी चाचणीसाठीची मार्गदर्शक सूचना २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. गाभा असा: रोगप्रतिकारक रिसेप्टर चालू करणारं औषध असेल तर सुरुवातीची मात्रा कमीत कमी जैविक परिणामावरून ठरवावी, पहिल्या दिवशी एकाच माणसाला द्यावं, पुढच्याला देण्याआधी परिणाम दिसायला पुरेसा वेळ थांबावं, आणि औषध हळू सोडावं. दहा मिनिटांचं अंतर म्हणजे व्यवहारात अंतरच नव्हे, कारण इथे पहिलं लक्षण दिसायलाच जवळपास तास लागला.

औषध मेलं नाही, ही बाब कमी लोकांना ठाऊक असते. एका रशियन कंपनीने तीच अँटीबॉडी टीएबी०८ नावाने पुन्हा चाचणीत आणली. सुरुवात किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅमने, म्हणजे लंडनच्या मात्रेच्या हजाराव्या भागाने, आणि हळूहळू काही मायक्रोग्रॅमपर्यंत, तीही संथ सोडत. सायटोकाइन वादळ आलं नाही. उलट नियामक टी पेशी जाग्या झाल्याच्या खुणा, आयएल-१० ची वाढ, दिसली. घुशींत दिसलेला परिणाम माणसातही होता, फक्त तो एका अरुंद खिडकीतून दिसत होता आणि २००६ ची मात्रा त्या खिडकीच्या फार पलीकडे होती. आमच्या मते या प्रकरणाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच: मूळ कल्पना चुकीची नव्हती.

सहउद्दीपन आज उपचारांत रोज वापरलं जातं. अबाटासेप्ट हे सीटीएलए-४ चं टोक वापरून सीडी८० व सीडी८६ झाकतं आणि संधिवातात दुसरा संकेत मिळूच देत नाही. इपिलिमुमॅब सीटीएलए-४ चा आवर काढून कर्करोगावर टी पेशी सोडतं, त्यात आतड्याचा दाह होतो तो याच कारणाने. आणि मुंबईत आयआयटी व टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झालेली नेक्सकार१९ ही कार-टी, म्हणजे रुग्णाच्या टी पेशींत कृत्रिम रिसेप्टर बसवून त्या कर्करोगावर सोडण्याची, उपचारपद्धती घ्या. तिच्या कृत्रिम रिसेप्टरमध्ये सीडी२८ ऐवजी ४-१बीबी या दुसऱ्या सहउद्दीपक रेणूची शेपटी शिवलेली आहे. पहिला आणि दुसरा संकेत एकाच रेणूत बांधलेले असल्याने टी पेशीला डेंड्रायटिक पेशीची परवानगी लागत नाही. पण सीडी१९ ही पृष्ठभागावरची खूण असलेली बी पेशी समोर आल्याशिवाय तो रिसेप्टर चालूही होत नाही. सायटोकाइन वादळ इथेही येतं, म्हणून वॉर्डात आयएल-६ चा संकेत अडवणारं टोसिलिझुमॅब हाताशी ठेवलं जातं, तापमान, रक्तदाब आणि ऑक्सिजनच्या नोंदी ठरलेल्या तासांनी होतात, वादळाचा जोर दाखवणारी सीआरपी, फेरिटिन व फायब्रिनोजेन ही रक्तातली प्रथिनं पाहिली जातात, आणि ताप आला की संसर्ग शोधण्यासाठी रक्ताचे कल्चर पाठवूनच वादळाचा विचार केला जातो.